मावशींचं तिसरं घर

त्या दिवशी मी घरून काम करत होते म्हणून दिसलं. धाकटा खेळायला निघाला होता. दाराजवळच्या स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होता. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी नेहमीसारख्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या, दोन्ही हात पुढे करून. त्यानं मान वर न करता म्हटलं, "मी करतोय ना." आणि केलं. जरा ढगळ झाली, एक टोक लांब राहिलं, पण बांधली. तो धडधडत जिना उतरून गेला. मावशी तशाच बसून होत्या, हात आता गुडघ्यांवर. मग उठून त्यांनी स्टूल जागेवर सरकवलं, पायपुसणं झटकून सरळ घातलं. सरळच होतं, तरी वाकून पुन्हा एकदा सरळ केलं.

घड्याळात साडेचार. त्या निघायच्या सात वाजता. मधल्या अडीच तासांत आमच्या घरात त्यांना करण्यासारखं काही नाही हे मला त्या क्षणी उमगलं, असं लिहायला छान वाटेल, पण ते खोटं आहे. वर्षभर आधीच माहीत होतं. मी तिकडे बघत नव्हते, एवढंच.

मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा थोरली साडेपाच महिन्यांची होती आणि माझी रजा संपायला बारा दिवस उरले होते. त्याआधी दोघीजणी येऊन गेल्या होत्या. एक तिसऱ्या दिवसापासून फिरकलीच नाही. दुसरीच्या हातात बाळ देताना माझाच हात सुटेना. मावशींनी बाळ मागितलंच नाही. आल्या, हातपाय धुतले, सतरंजीवर बाळाशेजारी बसल्या आणि माझ्याशी बोलत राहिल्या, मी कुठे काम करते, किती वाजता निघते, बाळ रात्री किती वेळा उठतं. अर्ध्या तासात बाळानं त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं. तेव्हा म्हणाल्या, "आता घेते."

थोरलीचं पहिलं पाऊल मी पाहिलं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. एका रविवारी ती पलंगाचा कठडा सोडून माझ्याकडे चार पावलं आली होती. सोमवारी मी मावशींना सांगितलं तर त्यांनी तोंडावर हात ठेवून "अगंबाई, चालली की!" केलं. ती आधीच्या बुधवारपासून चालत होती हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेही धाकटा झाल्यावर.

तर अशा बाईला "आता तुमची गरज नाही" हे कसं सांगायचं? आम्ही सांगितलंच नाही. आठ महिने. रात्री मुलं झोपली की मी आणि नवरा दार लोटून बोलायचो आणि रोज नवी तारीख काढायचो. थोरलीची परीक्षा होऊ दे. मग सुट्टी लागू दे. मग सुट्टीत मुलं दिवसभर घरी, तेव्हा तर मावशी हव्यातच. मग शाळा सुरू होऊन जरा बस्तान बसू दे. दर वेळी आम्ही एकमेकांना सांगायचो की आपण मावशींचाच विचार करतोय. प्रत्यक्षात आम्हाला त्यांच्यासमोर बसून ते वाक्य तोंडातून काढायचं नव्हतं, आणि त्यासाठी महिन्याचा पगार मोजायची आमची तयारी होती. टाळाटाळीचं भाडं होतं ते.

सासूबाईंनी सुचवलं, "काढताय कशाला? स्वयंपाकाला लावा, वरची कामं सांगा. आपल्याच आहेत त्या." मला हे पटकन पटलं, कारण त्यात कुणालाच काही सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अगदी सहज बोलल्यासारखं करून विचारलं, "मावशी, दुपारी मोकळा वेळ असतो, तर कपाटं आवरून द्याल का? नंतर हळूहळू स्वयंपाकाचंही बघू." त्या म्हणाल्या, "कपाटं आज आवरते ताई. पण मी मुलं सांभाळते." एवढंच. आवाज चढवला नाही, कपाटंही सुरेख आवरली. पण ऑफिसात एखाद्या वरिष्ठ माणसाला त्याचं काम काढून घेऊन फायली लावायला बसवलं की त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलेलं आहे. तसा चेहरा होता.

आणि मी हे पाहिलेलं आहे म्हणजे काय, माझं कामच ते आहे. मी पगारविभागात आहे. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे, निवृत्त होणाऱ्यांचे हिशोब माझ्या टेबलावरून जातात. नोटिशीचे दिवस, शिल्लक रजा, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, अनुभवाचा दाखला. एखाद्याच्या नोकरीच्या तारखेत दोन दिवसांचा घोळ असला तरी मी फाईल परत पाठवते. आणि माझ्या स्वतःच्या घरात अकरा वर्षं एक माणूस रोज दहा तास काम करत होता, त्याच्या नावाचा कागदाचा चिटोराही नव्हता. का नव्हता? तर मावशी "घरच्याच" ना. घरच्या माणसाशी कोण करार करतं! हा शब्द मी इतक्या प्रेमानं वापरला होता की त्याच्या आडोशाला आपण काय काय टाळलं ते दिसलंच नाही. पगारवाढ आठवण झाली की द्यायची. रजा मागितली की "हो हो, जा ना", पण मोजायची कुणी नाही. म्हणजे मागायला संकोच वाटणाऱ्या माणसाच्या रजा बुडाल्याच. मावशी संकोचणाऱ्यांतल्या.

शेवटी एका शनिवारी दुपारी, मुलं वर्गाला गेलेली असताना, आम्ही दोघं मावशींना म्हणालो, जरा बसा. त्या खुर्चीवर बसल्या. हीसुद्धा गंमत बघा, एरवी त्या आमच्यासमोर सतरंजीवरच बसायच्या, अकरा वर्षांत कितीदा म्हटलं तरी. त्या दिवशी न सांगता खुर्ची ओढून घेतली. नवऱ्यानं घसा साफ केला. "मावशी, मुलं आता मोठी झाली..." आणि तिथेच त्याची गाडी अडली.

"हो दादा," त्या म्हणाल्या. "मीच म्हणणार होते. कधीपासून थांबायचं?"

मला रडू यायला लागलं होतं, ते मध्येच अडकलं. त्यांना माहीत होतं! थोरलीनं तीन आठवड्यांपूर्वीच त्यांना विचारलं होतं, "मावशी, तू जाणारेस का?" आमचं दार लोटलेलं असायचं, लावलेलं नसायचं. मावशींनी तिला सांगितलं होतं, आईबाबा सांगतील तेव्हा सांगतील, तू मनात ठेव. म्हणजे तीन आठवडे माझी अकरा वर्षांची मुलगी आणि मावशी मिळून आम्हाला सांभाळून घेत होत्या.

पण थोरलीच्याही आधी त्यांना ठाऊक होतं. "मला कळतं ना ताई. मूल आपल्या हातानं बूट घालायला लागलं की दोन वर्षं. फार तर तीन. हे तिसरं घर आहे माझं."

तिसरं घर. हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि का वाटलं ते लिहिणं जरा लाजिरवाणं आहे. आमच्याआधी त्यांनी दोन घरांतली मुलं वाढवली होती हे मला माहीत होतं. तेच तर ऐकून आम्ही त्यांना ठेवलं होतं. पण अकरा वर्षांत मी मनाशी धरून चालले होते की आमचं घर म्हणजे त्यांचं घर, बाकीची नुसती कामं. त्यांच्या हिशोबात आमचं घर एक, दोन, तीनमधलं तिसरं होतं. त्यांना आमच्या मुलांचा लळा नव्हता असं मुळीच नाही. पण लळा आणि नोकरी या दोन गोष्टी त्यांना बाजूबाजूला ठेवता येत होत्या. माझ्याकडून ते जमलं नव्हतं, आणि गरज तर मलाच जास्त होती, कारण पगार मी देत होते.

मग त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. अटी हा शब्द माझा. त्या "एवढं करा" म्हणाल्या. दोन महिने आधी सांगितल्यासारखं धरायचं, म्हणजे दुसरं काम बघता येईल. चिठ्ठी द्यायची, तिच्यात थांबण्याचं कारण लिहायचं. "कारण नसलं ना ताई, की पुढची बाई विचारते, काय केलं होतं म्हणून काढलं." आणि तिसरी गोष्ट मुलांची. "मुलांना मी असताना सांगायचं. मी गावाला गेले असं सांगायचं नाही."

ही तिसरी अट कुठून आली ते त्यांनी त्या दुपारी प्रथमच सांगितलं. पहिल्या घरातला मुलगा पाच वर्षांचा असताना त्या घरानं त्यांना महिन्याच्या शेवटी सांगितलं, उद्यापासून नको. मुलगा झोपलेला असताना त्या निघाल्या. सकाळी त्याला सांगण्यात आलं, मावशी गावाला गेली, येईल. दोनेक महिन्यांनी त्याच रस्त्यावर तो आईचं बोट धरून समोरून आला. मावशींनी हाक मारली. त्यानं बघितलं आणि आईच्या मागे लपला. "लाजला असेल," मी म्हटलं. "नाही ताई," त्या म्हणाल्या. "रागानं. मी जवळच होते आणि आले नाही, असं झालं ना त्याला."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी फोनवर काहीबाही वाचत पडले आणि त्यात जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाविषयी वाचलं. लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या ओढीवर ज्याचं सगळं काम उभं आहे, तो हा. १९०७ सालचा जन्म. त्याला सांभाळणारी दाई तो चार वर्षांचा होता होता घर सोडून गेली, आणि ते आई जाण्याइतकंच दुःखाचं होतं असं त्यानं मोठेपणी म्हणून ठेवलंय. तिथून चर्चिलवर गेले. विन्स्टन काही महिन्यांचा असताना, १८७५ मध्ये, एलिझाबेथ एव्हरेस्ट ही बाई त्या घरात आली. तो तिला 'वूम' म्हणायचा. पुढे धाकट्या भावालाही तिनंच वाढवलं, आणि मुलं मोठी झाल्यावर १८९३ मध्ये खर्च आवरायचा म्हणून तिला काढलं. समोर बसवून नाही, पत्र पाठवून. विन्स्टन तेव्हा एकोणीस वर्षांचासुद्धा नव्हता. त्यानं आईला चांगलंच खरमरीत लिहिलं. दोन वर्षांनी ती गेली तेव्हा तो तिच्या उशाशी होता, आणि तिच्या थडग्यावरचा दगडही त्यानंच बसवून घेतला. महालात राहणाऱ्यांनाही समोर बसून बोलायचं जमलं नव्हतं तर, असं म्हणून मला घटकाभर बरं वाटलं. मग वाटलं, बरं वाटायचं कारण काय? पत्र पाठवायला निदान त्यांना अठरा वर्षं लागली, आम्ही अकराव्या वर्षीच तोंड चुकवत होतो.

चिठ्ठी लिहायला बसले. माझ्या रोजच्या कामातली गोष्ट, दहा मिनिटांत होईल म्हटलं. पहिल्याच ओळीला अडले: कामावर रुजू झाल्याची तारीख. मला आठवेना. नवऱ्याला तर महिनाही आठवेना. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "बाळाच्या खालच्या हिरडीत पांढरं दिसायला लागलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे पाणी नव्हतं." पाणी नव्हतं त्या दिवसाची नोंद कुठून आणायची? शेवटी जुन्या फोनमध्ये एक फोटो सापडला. सतरंजी, बाळ, आणि कडेला फक्त एक पदर, बाळाच्या मुठीत टोक. फोटोला तारीख होती. ती लिहिली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ साली जिनिव्हात घरकामगारांसाठी एक करार मंजूर केला, क्रमांक १८९. त्याच्या सातव्या कलमात म्हटलंय की घरकामगाराला त्याच्या कामाच्या अटी सहज समजतील अशा रीतीनं, शक्यतो लेखी, सांगाव्यात. पुढे यादी आहे. मालकाचं नाव आणि पत्ता, कामाची जागा, सुरुवातीची तारीख, कामाचं स्वरूप, पगार, कामाचे तास, भरपगारी रजा, आणि सर्वांत शेवटी काम थांबवण्याच्या अटी, नोटिशीच्या मुदतीसकट. मी ती यादी पेन घेऊन वाचली, ऑफिसात तपासते तशी, एकेका कलमापुढे बरोबरची खूण करत. पगार एवढ्या एकाच ठिकाणी खूण झाली. तीही अर्धीच, कारण वाढ कधी आणि किती हे कुठे ठरलेलं नव्हतं.

आता पैशांचं. नवरा म्हणाला, तीन महिन्यांचा पगार जास्तीचा देऊ. ऐकायला भरघोस वाटतं. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात उपदान काढतात तसं काढून बघू. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, शेवटचा पगार धरून, आणि महिना तीस दिवसांचा नाही, सव्वीसचा. आठवड्याच्या सुट्या त्यात येत नाहीत. अकरा गुणिले पंधरा, एकशे पासष्ट दिवस. भागिले सव्वीस. सहा महिने आणि वर आणखी नऊ दिवस. तीसनं भागलं असतं तर साडेपाच महिने झाले असते. ऑफिसात हे सव्वीस आणि तीस माझ्या लेखी नुसते आकडे आहेत. घरी टेबलावर मांडल्यावर दिसलं की मधला जवळजवळ महिनाभराचा पगार कुणाचा तरी असतो.

नवरा बराच वेळ गप्प राहिला. आमच्याकडे एकदम इतके पैसे नव्हते. मग म्हणाला, "एकदम नाही जमणार, पण देऊ." मावशींना सांगताना मला वाटलं, त्या नको नको म्हणतील, आणि आपण आग्रह करू, असं काहीतरी होईल. त्या म्हणाल्या, "तीन हप्त्यांत चालेल. पण हातात देऊ नका, बँकेत टाका. हातात आले की घरात दहा जणांना कळतं." त्यांचं खातं होतं. मला ते अकरा वर्षांत माहीत नव्हतं. मी दर महिन्याला पाकिटात घालून देत आले होते.

मुलांना सांगितलं ते रविवारी, चौघांनी मिळून पाचव्याला असं नाही, मुद्दामच पाचही जण जमिनीवर बसून. बोलायला सुरुवात मी केली, पण अर्धंअधिक मावशीच बोलल्या. "तू आता किल्ली लावून दार उघडतोस. गृहपाठ करतोस. मला इथे बसून झोप येते. दुसरीकडे एक छोटं बाळ असेल, त्याला काहीच येत नसेल." थोरली हे सगळं आधीच जाणून असल्यामुळे कठीण चेहरा करून भिंतीकडे बघत होती. धाकट्यानं विचारलं, "मग तुझा पगार कोण देणार?" नवरा हसला. मला हसू आलं नाही. आम्ही आठ महिने ज्या प्रश्नाभोवती फिरत होतो तो त्यानं पहिल्याच दमात विचारला होता. मावशींनीही गंभीरपणे उत्तर दिलं, "ते छोटं बाळ ज्यांचं आहे ते देतील." "आणि ते बाळ मिळेपर्यंत?" "तोपर्यंत तुझे बाबा." "ठीक आहे," तो म्हणाला आणि विषय त्याच्यापुरता संपला. निदान त्या दिवशी. रात्री मात्र त्यानं बुटाच्या नाड्या सोडून ठेवल्या, आणि पुढचे चार दिवस सकाळी त्याला नाडी बांधता येत नव्हती. मावशींनी चारही दिवस बांधून दिली. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता पुरे हं, राजा."

थोरलीचं अवघड गेलं. ती मोठी, तिला सगळं समजतं, असं आम्ही गृहीत धरलं होतं. आठवडाभर ती मावशींशी तोडून बोलत होती. पाणी दिलं तर नको, वेणी घालू का तर मी घालीन. मला वाटलं मी मध्ये पडावं. मावशी म्हणाल्या, राहू द्या. मग एका संध्याकाळी मी घरी आले तर दोघी आरशासमोर, आणि थोरली मावशींच्या केसांची वेणी घालत होती. मावशींचे केस विरळ झालेत, वेणी बोटाएवढी होत होती. मी चपला काढून तशीच आत गेले.

त्या दोन महिन्यांत एक चूक आम्ही केली. हळूहळू सवय मोडावी म्हणून तास कमी केले, आधी पाचपर्यंत, मग चारपर्यंत, पगार पूर्ण ठेवून. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसत होतं. प्रत्यक्षात मुलगा शाळेतून यायचा पावणेचारला, म्हणजे मावशींची त्याच्याशी गाठ फक्त पंधरा मिनिटं. बाकी दिवसभर त्या रिकाम्या घरात. दहा दिवसांनी त्याच म्हणाल्या, "सकाळी नका बोलावू. दुपारी येते, सातपर्यंत थांबते. मुलं असताना तरी असू दे." साधी गोष्ट होती. आम्ही तास मोजले होते. कुठले तास, ते नाही.

नवीन घर आम्हीच शोधून देणार होतो, तसा मी ओळखीत बऱ्याच जणांना निरोपही दिला होता. त्यातून तीन चौकशा आल्या. एकीनं फोनवर मला पहिलाच प्रश्न विचारला, "वय किती हो त्यांचं?" दुसरीला स्वयंपाकही हवा होता. तिसरी बरी वाटली, पण मावशी तिथे जाऊन आल्या आणि नको म्हणाल्या. का ते सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. शेवटी त्यांना काम मिळालं ते त्यांच्याच ओळखीतून, दुसऱ्या घरातल्या, म्हणजे आमच्या आधीच्या घरातल्या मुलीकडे. तिला बाळ झालं होतं. मावशींनी जिला पाळण्यात जोजवलं ती आता मावशींना फोन करून विचारत होती, याल का म्हणून. चिठ्ठी तिनं मागितलीही नाही. मावशींनी मात्र ती घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिली आहे.

शेवटच्या दिवसाचं फार लिहिण्यासारखं नाही. त्या नेहमीच्या वेळी आल्या, नेहमीच्या वेळी निघाल्या. किल्ली मी म्हटलं ठेवा, त्यांनी काढून टेबलावर ठेवली. "हरवली तर माझ्यावर यायला नको," म्हणाल्या. रडले मी आणि नवरा. मुलांनी जिन्यापर्यंत सोडलं.

पुढचा महिना वाईट गेला. मुलांना काही झालं नाही, कोलमडले ते आम्ही. कुणाच्या शाळेचा कुठला कागद कुठे, धाकट्याला कुठलं औषध चालत नाही, नळाचं पाणी गेलं तर खालचा व्हॉल्व्ह कुणीकडे फिरवायचा, हे सगळं मावशींच्या डोक्यात होतं. एका दुपारी शाळेतून फोन आला, धाकट्याला ताप आहे, घेऊन जा. मी बैठकीत, नवरा प्रवासात. माझ्या बोटांनी आपोआप मावशींचा नंबर लावला. त्यांनी उचलला नाही. मी पुन्हा लावला. चौथ्या वेळी लावताना भान आलं की त्या कामावर आहेत. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या बाळाजवळ. माझ्या ऑफिसच्या वेळात माझा फोन जुन्या मालकानं चार वेळा वाजवला असता तर मी काय म्हटलं असतं? बैठक सोडून निघाले. संध्याकाळी मावशींचा फोन आला, सगळं ऐकून घेतलं, ताप किती ते विचारलं, कुठलं औषध द्यायचं नाही त्याची आठवण केली. मग म्हणाल्या, "ताई, दुपारी दोन ते तीन बाळ झोपतं. तेव्हा करत जा."

तेव्हापासून तसंच आहे. दुसरा हप्ता बँकेत गेला त्या दिवशी मी दोन वाजून पाच मिनिटांनी फोन करून सांगितलं. तिसरा पुढच्या महिन्यात आहे.

सुट्टीच्या दिवशी धाकटा स्वतःच लावतो फोन. स्पीकरवर टाकून, कारण त्याला बोलता बोलता चित्र काढायचं असतं. परवा तो मावशींना शाळेतल्या भांडणाची लांबलचक गोष्ट सांगत होता, कुणी कुणाला ढकललं, कोण आधी. मावशी हं हं करत होत्या. मागून बारीक आवाज आला, आधी कुरकूर, मग भोकाड. "ठेवते रे राजा, उठलं," मावशी म्हणाल्या, आणि फोन बंद.

त्याची गोष्ट अर्धीच राहिली होती. मी त्याच्याकडे बघत होते, आता काय करेल म्हणून.

"बाळ उठलं," त्यानं मला समजावलं, आणि हिरवा खडू शोधायला लागला.